काळी पट्टी

"कॉर्ड आनंदी वाटली की मेजर, उदास वाटली की मायनर." पारनेरच्या कीबोर्ड क्लासमध्ये ओंकारनं पोरांना सांगितलं आणि ऐटीत, खाली न बघताच तीन पट्ट्या एकदम दाबून एक कॉर्ड वाजवली. "बोला नाना, काय वाजलं?" चाळीस वर्षं भजनात पेटी वाजवून आता शिकायला आलेले गोरक्षनाना शेजारीच होते. "मायनर, सर." "चुकलं! मेजर होतं. इतकी वर्षं वाजवलंत तरी काय?" पोरं खदाखदा हसली. तेवढ्यात ओंकारची नजर पट्ट्यांवर गेली. मधलं बोट शेजारच्या काळ्या पट्टीवर पडलं होतं; वाजलं होतं ते मायनरच. त्यानं बोट गुपचूप सरकवलं. नाना त्या बोटाकडेच बघत होते. "बराबर हाय सर," ते म्हणाले, "माझंच कान म्हातारं झालं." क्लास सुटल्यावर नाना रोजच्यासारखे पंचविशीतल्या गुरूच्या पाया पडायला वाकले. ओंकारनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले.