राक्षसाशी लगन

तिसऱ्या नवरदेवाच्या पोटातून गुळाचा लाल पाक गळत होता आणि त्यावर माश्या बसत होत्या.

“हलू नको,” पीयूष कॅमेऱ्यामागून म्हणाला. “मुडदा आहेस तू.”

“माश्या नाकात जाऊन राहिल्या,” मुडदा म्हणाला.

एरवी भूमिकाला हसू आवरलं नसतं. पण आज नवरीच्या वेशात मांडवात बसल्या बसल्या ती सारखी रस्त्याकडे पाहत होती.

पीयूष तिच्याच गावचा, चिचगडचा. त्याच्या सिनेमात दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत एका मुलीला स्थळं येतात. पाहायला आलेला प्रत्येक मुलगा आधी लोकांना पोट धरून हसवतो आणि मग राक्षसाचा मुखवटा घातलेल्या कुणाच्या तरी विळ्याने मरतो. शेवटी कळतं, की या मारेकऱ्याचं तिच्यावर प्रेम आहे. ऐन लग्नात तो नवरदेवाला आडोशाला संपवतो, मुखवट्यावरच बाशिंग बांधतो आणि पाटावर जाऊन उभा राहतो. पंगतीकडे डोळे लावून बसलेल्या वऱ्हाडातल्या एकालाही फरक कळत नाही.

भूमिकाचे वडील बिसराम धानाचे व्यापारी. मुलीला सिनेमात काम करू देताना ते एवढंच म्हणाले होते, “मुडदे कितीबी पाडा. मोहब्बत नाही पाहिजे. आन् पोरीच्या बापाचं काम मीच करीन.”

तिच्यावर नजर ठेवायला, हे तिला न सांगता कळलं होतं. कारण होतं गजेंद्र.

गजेंद्र चोरखमारा गावचा, दुसऱ्या समाजाचा. दोन वर्षांपूर्वी तो तिला मागायला आला, तेव्हा बिसरामच्या थोरल्या भावाने, उमरावने, ओसरीत सगळ्यांसमोर बजावलं होतं, “परसमाजात पोरगी देल्लास तं माह्या मयतीले येऊ नको.” बिसराम उठून अंगणाच्या फाटकापाशी गेले. मग गजेंद्रला म्हणाले, “जा बाबू. पुन्हा या अंगनात दिसू नको.”

आज मुखवट्याच्या आत गजेंद्र होता.

पीयूषने गावाला सांगून ठेवलं होतं, की राक्षसाचं काम गोंदियाचा एक पोरगा करतो, लाजाळू आहे, बोलत नाही. भटजी खरा आणायचा, मंत्र खरे, फेरे खरे, हे तिघांनी मिळून ठरवलं होतं. बापाच्याच हातून कन्यादान होणार होतं. सांगायचं ते नंतर सांगता आलं असतं.

पण गजेंद्रने देवरीहून ठरवलेला भटजी आलाच नाही. त्याच्याऐवजी एक म्हातारे गृहस्थ मोटारसायकलवरून उतरले. “त्याला अडचण आली, मला धाडलं,” म्हणाले आणि पूजेचं सामान मांडायला बसले.

“हे खरे आहेत ना?” भूमिकाने हळूच विचारलं.

“हात तं सरावाचे दिसून राहिले,” पीयूष म्हणाला. “तू उभी राहा.”

अंतरपाट धरला गेला. आई, सुशीलाबाई, स्वतःच्या लग्नातला शालू नेसून आली होती. उमराव गुलाबी फेटा बांधून वऱ्हाडात पुढेच उभे होते आणि मुखवट्यावर मुठी भरभरून अक्षता टाकत होते. लोक हसत होते. मांडवाबाहेर मुडदा निवांत चहा पीत होता.

कन्यादानाच्या वेळी बिसरामने तिचा हात हातात घेतला. ते रडत होते. या माणसाने तिला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडलं होतं, आणि त्याला ती साऱ्या गावापुढे फसवत होती. तिला ते सोसवेना.

“बाबूजी, थांबा,” ती पुटपुटली. “मले काही सांगायचं आहे.”

“हात नीट धर,” ते म्हणाले. “पानी सांडून राहिलं.”

पाणी मुखवटेवाल्याच्या ओंजळीत पडलं. मग होम, मग फेरे. उमरावांचे पाय दुखायला लागले.

“सिनेमातलं लगन एवढं लांबवून काऊन राहिले?”

“लावू द्या दादा,” बिसराम म्हणाले. “मशीन चालू आहे.”

सातवं पाऊल पडलं आणि पीयूषने कॅमेरा बंद केला. उमरावांनी भावाच्या पाठीवर थाप मारली. “काय रडलास रे. खराच वाटला.” मग ते पंगतीकडे निघाले.

बिसराम हातपंपावर तोंड धूत होते. भूमिका शेजारी जाऊन उभी राहिली. डोळे वाहत होते, ते तिने पुसले नाहीत.

“बाबूजी, तो राक्षस गजेंद्र होता. आन् भटजी खरा होता. माहं लगन झालं.”

बिसरामने खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं. उमराव पंगतीत बसले आहेत, हे एकदा वळून पाहिलं.

“तुम्ही ठरवला होता तो देवरीवाला माह्या वळखीचा, त्यानंच मले सांगतलं. नाटकात काम करते तो, बाई. त्याले एक मंगलाष्टक धड येत नाही,” ते हळूच म्हणाले. “म्हनून ह्या खऱ्या भटजीले मी बलावलो.”