एकही दात न काढता

आमच्या विहिरीच्या पाण्यानं गावातल्या निम्म्या पोरांचे दात तपकिरी झालेत, आणि त्यात माझा पहिला नंबर! शाळेत हसू आलं की मी तोंडावर पुस्तक धरायचे.

पुण्याचे दातांचे डॉक्टर जुन्नरला आलेत असं कळलं, तशी आई मला आळ्याहून एसटीनं घेऊन गेली. मी खुर्चीत बसले मात्र, तिनं हातच जोडले.

"डागदरसाहेब, पाया पडते तुमच्या, पण पोरीचे दात काढू नका! लगीन व्हायचंय तिचं."

"एकही काढत नाही, बाई," डॉक्टर हसले. "डाग वरवरचे आहेत, घासूनच जातील."

कसलंसं औषध लावून ते घासत राहिले, घासत राहिले, आणि आरशात बघते तर काय, माझे दात मुळ्यासारखे पांढरेशुभ्र!

तेव्हापासून मी जी सुटलेय! गुरुजी शिंकले तरी हसते, म्हैस हंबरली तरी हसते. काल मला बघायला पाहुणे आले, त्यांच्यापुढेही खळखळून हसले.

आणि डॉक्टरांपुढे हात जोडणारी माझी आई आता दिवसभर मलाच विनवते, "ठके, पाया पडते तुझ्या, पण दात काढू नको!"