आयता शब्द

तामाती तिसऱ्या वाक्यावर अडला आणि हुइयाने तिथल्या तिथे पुढचा शब्द त्याच्या तोंडात घातला.

"हुइयामावशी," मारामाबाई म्हणाल्या, "उद्या पाहुण्यांसमोर तुम्ही नवऱ्याच्या खिशात बसून बोलणार आहात का?"

मराएच्या, म्हणजे कुळाच्या सभास्थानाच्या, जेवणघरात तालीम चालली होती. उद्या त्या दोघांच्या मुलीला, अनाहेराला, मागणी घालायला मुलाकडची माणसं येणार होती. आल्या पाहुण्यांचं स्वागत घरच्या बाप्याने उभं राहून माओरीतच करायचं. इंग्रजीत केलं तर कुळाची अब्रू जाते. हे काम तामातीच्या थोरल्या भावाचं, हेमीचं. पण हेमीची कालच दाढ काढली आणि गाल टम्म फुगला. तो कोपऱ्यात बर्फाची पिशवी धरून बसला होता. उरला तामाती. लाकूडवाहू ट्रक हाकणारा, 'हं' आणि 'बरं' एवढ्यावर संसार केलेला, आणि हिवाळ्यापासून मारामाबाईंच्या वर्गात बसून आपलीच भाषा मुळापासून शिकणारा.

हुइयाला ती लहानपणापासून येत होती. दुखणं तेच होतं. तो अडखळला की तिला राहवत नसे.

"बाई, तो अडकतो हो. उद्या असाच मख्ख उभा राहिला तर? त्यांच्याकडचे म्हातारे बोलण्यात एकापेक्षा एक आहेत. पोरीला जन्मभर ऐकवतील."

"अडकत नाहीत ते, शोधतायत. शोधणाऱ्याच्या हातात आयतं ठेवलं की तो शोधायचं सोडतो. दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालायचा नाही, हा वर्गाचा नियम तुम्हाला ठाऊक आहे."

"नियम ठाऊक आहे. तोंड माझं ऐकत नाही."

"मग तोंडाला काम देऊ." बाईंनी पावाचा जाडजूड तुकडा लोणी फासून तिच्या हातात ठेवला. "खा. सावकाश चावा."

हेमीला हसू आलं आणि लगेच कळही आली.

मग बाईंनी वर्गातल्या रंगीत काठ्या टेबलावर उभ्या केल्या. एरवी याच काठ्या हातात घेऊन, ही लांब, ती आखूड, ही मला दे, ती तुला घे, असं त्या बोलायला शिकवत. आज सगळ्यांत लांब नारंगी काठी नवऱ्या मुलाची आजी झाली, निळी त्याचा काका, आणि बोटाच्या पेराएवढी पांढरी झाली नवरा मुलगा. मुलीचा बाप म्हणून तामातीला हे माप पटलं.

"पाहुणे आले," बाई म्हणाल्या. "बोला."

तामाती उभा राहिला. पूर्वजांना हाक घातली, घराला हाक घातली. तिसऱ्या वाक्यावर पुन्हा थांबला. हवा तो शब्द हुइयाच्या जिभेवर येऊन बसला होता; तिने तो पावाबरोबर गिळला. तामातीने छताकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले, कारण तिचे डोळेही काही कमी बोलत नसत. पाव संपला. तिला त्याची फार दया आली, आणि तरीही ती गप्प राहिली.

"ही माझी बायको," तामाती म्हणाला.

पाठ केलेल्या भाषणात हे नव्हतंच.

"ती मोठ्याने बोलते. मी हळू बोलतो. आमची मुलगी मोठ्याने बोलते. तुमचा मुलगा आमच्या घरी आला. तो हळू बोलला. मला तो आवडला."

हुइयाने डोळे उघडले. वाक्यं लहान मुलाच्या तोंडची होती. पण ती त्याची होती, कुणी लिहून दिलेली नव्हती. तिला भरून आलं.

"जेवण जमिनीखाली, गरम दगडांवर शिजतंय," तामाती निळ्या काकाला सांगू लागला. "डुक्कर आहे, रताळी आहेत. शिंपले माझ्या भावाने काढले. माझ्या भावाला दाढ नाही. तो शिंपले खाणार नाही. त्याचे तुम्ही खा."

हेमीने बर्फाची पिशवी तोंडावर दाबून धरली. तामाती मात्र सुटला होता. रस्त्यावर आला, रस्त्यावरच्या खड्ड्यांवर आला, आपल्या ट्रकवर आला, मग ट्रकच्या ब्रेकवर. पाहुणे ताटकळत उभे राहतील याची त्याला काही फिकीर दिसेना.

बोलणं झालं की घरच्या बायकांनी उठून गाणं म्हणायचं, अशी रीत आहे. बोलणारा आवरेना झाला तरी तेच गाणं म्हणायचं. मग त्याला बसावंच लागतं. बाईंनी हुइयाकडे पाहून भुवई उडवली. हुइया डोळे पुसून उठली आणि तिने सूर लावला.

तामातीने मागे न बघता तिच्या दिशेने हात वर केला.

"थांब, हुइया," तो माओरीत म्हणाला. "आजींशी मी अजून बोललोच नाही."

हुइया खाली बसली, आणि त्याचं संपेपर्यंत बसून राहिली.