पलंगापासून लांबचा प्लग

साताऱ्याच्या नव्या फ्लॅटमध्ये बेडरूमचा एकुलता एक प्लग भिंतीतल्या कपाटामागे गेला होता. त्यामुळे श्रीधररावांच्या ऑक्सिजन मशीनची वायर हॉलमधल्या सॉकेटपर्यंत ओढलेली असे. पलंगाशेजारी नवा पॉइंट काढून घेऊ, असं वत्सलाबाई सारख्या म्हणायच्या. श्रीधरराव हात उडवायचे. "माझ्यासाठी कोऱ्या भिंती कशाला फोडायच्या?"

त्या दुपारी वत्सलाबाई दळण घेऊन घरी आल्या, तेव्हा वीज तुटली की वाजणारी मशीनची शिट्टी बेडरूममधून ऐकू येत होती. हॉलच्या सॉकेटमध्ये राजसीच्या फोनचा चार्जर होता आणि मशीनची पिन खाली पडली होती. वडिलांना भेटायला आलेली त्यांची ही लेक न्हाणीघरात केस धूत होती. नळ धो धो वाहत होता.

वत्सलाबाई आत धावल्या. श्रीधरराव पलंगावरून अर्धे खाली ओघळले होते. वत्सलाबाईंनी हाका मारल्या, त्यांची छाती चोळली, पण नाडी लागेना.

तेवढ्यात नळ बंद झाला. वत्सलाबाई उठल्या, हॉलमध्ये जाऊन चार्जर उपसून पदराआड लपवला आणि मशीनची पिन पुन्हा खोचली. मशीन घरघरू लागलं.

ओल्या केसांनी राजसी बेडरूमच्या दारात आली आणि बाबांना पाहून जागच्या जागी थिजली. "आई, मघाशी फोन चार्जिंगला लावताना मी... बाबांची पिन तर नाही ना काढली?"

"नाही गं. मशीन चालूच होतं."

"नक्की ना?"

"नक्की."

पुढे कितीतरी वर्षं राजसी अधूनमधून तेच विचारत राहिली, आणि वत्सलाबाई तेच सांगत राहिल्या.