जुनी हजेरी

वायरलेसचा जुना सेट भिंतीवरून उतरवला जात होता आणि जयवंताबाई त्याच्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

तळेगावजवळच्या वनकार्यालयात सव्वीस वर्षं त्या या सेटपुढे बसल्या. जंगलात फिरणाऱ्या वनरक्षकांना त्या चेहऱ्यांपेक्षा आवाजांनी जास्त ओळखत. रोज सकाळी चौकीचं आणि माणसाचं नाव पुकारून त्यांची हजेरी घेत. कोणाच्या भागात आग लागली, कोणाला मुलगी झाली, कोणत्या पाणवठ्यावर वाघीण पिलं घेऊन आली, सगळं आधी त्यांच्या कानावर यायचं. खरखरीतून निवडून घ्यावं लागे.

आता सगळ्यांच्या हातात मोबाइल आले होते. बाजूला जाड बटण. दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. एकाचं बोलणं सगळ्या गटाला ऐकू जाई.

"मावशी, आता शेवटी ओव्हर म्हणाची गरज नाई," नव्यानं रुजू झालेली वनरक्षक पौर्णिमा म्हणाली.

"मंग समोरच्याचं बोलणं संपलं हे कसं समजन?"

पौर्णिमा हसली. तेवढ्यात टेबलावरचा मोबाइल बोलला. जीपवरचा अश्विन होता. "भैयाजीची फटफटी नाल्याजवळ उभी हाये. मानूस नाई. हाका मारल्या, ओ देऊन नाई राह्यले."

भैयाजी म्हणजे वीस वर्षं त्याच रानात फिरणारा वनरक्षक. जयवंताबाईंचा हात सवयीनं भिंतीकडे गेला. तिथे चार खिळे उरले होते. त्यांनी मोबाइल उचलला आणि अंगठ्यानं बटण दाबलं.

"भैयाजी, कुठी हा तुम्ही? बोला."

काही नाही. पुन्हा हाक मारली. त्या बटण दाबूनच बसल्या होत्या. पौर्णिमानं हळूच त्यांचा अंगठा उचलला. "सोडा मावशी. सोडल्याशिवाय त्याहिचं ऐकू येत नाई."

वाळक्या पानांचा आवाज आला. पलीकडे कोणी तरी बटण दाबून धापा टाकत होतं.

"बाई," भैयाजींचा आवाज होता. "रानडुक्करानं मांडी फाडली. दुपट्ट्यानं आवळून बांधली हाये. फोन दूर पडलता. तुमचा आवाज आला म्हणून सापडला."

पौर्णिमानं आपल्या मोबाइलवर पाहिलं. नकाशावर भैयाजींचा ठिपका नाल्याच्या बराच वरच्या अंगाला होता. तिनं अश्विनला वाट सांगितली. जीपला फेरा मारून यावं लागणार होतं. अर्धा तास तरी.

"भैयाजी, अश्विन येऊन राह्यला. झोपू नका."

"डोळे लागून राह्यले, बाई. बोलत राहा."

काय बोलावं ते जयवंताबाईंना सुचेना. वीस वर्षांत त्यांचं बोलणं कधी दोन मिनिटांच्या वर गेलं नव्हतं.

"मी नोकरीले लागलो त्या दिवशीची हजेरी घ्या," भैयाजी म्हणाले. "तवा पहिल्यांदा ऐकलं होतं तुम्हाले. आठवते का?"

"न आठवाले काय झालं?"

त्या खुर्चीत सरळ बसल्या. कागद लागला नाही.

"मोहटेकडी. अण्णाजी."

अण्णाजींना जाऊन नऊ वर्षं झाली होती. जयवंताबाईंनी बटण सोडलं.

"हजर," भैयाजी म्हणाले.

"खडकी नाका. डोमाजी."

डोमाजी निवृत्त होऊन बोरगाव मेघेला मुलीकडे राहत होते. या वेळी उत्तराला वेळ लागला. "हजर."

"बिबटखोरा. रामाजी."

उत्तर नाही. त्यांनी पुन्हा नाव घेतलं. पौर्णिमा टेबलाची कड धरून उभी होती. गटातले सगळे ऐकत होते, पण मधे कोणी बटण दाबत नव्हतं.

मग दूरच्या कुठल्या तरी चौकीवरून एका तरुण आवाजानं म्हटलं, "हजर."

त्यावर भैयाजी पुटपुटले, "हा रामाजी नाई. रामाजी आधी खोकले, मंग बोले."

जयवंताबाईंना हसू आलं आणि डोळेही भरले. "खरं हाये," त्या म्हणाल्या. "मंग तुम्हीच खोकला."

भैयाजी खोकले. "हजर."

अकरा नावं होती. एकेक नाव त्या सावकाश घेत गेल्या. ज्यांना या नव्या मुलांनी कधी पाहिलं नव्हतं ती माणसं एकामागून एक रानात आपापल्या जागी उभी राहत होती. कधी भैयाजी ओ देत, कधी दुसरं कोणी. शेवटचं नाव भैयाजींचं होतं. ते जयवंताबाईंनी दोनदा घेतलं. दुसऱ्यांदा ओ आली.

यादी संपली. आता पुढे काय, म्हणून त्यांनी पौर्णिमाकडे पाहिलं, तोच अश्विनचा आवाज आला. "सापडले! शुद्धीवर हायेत. रक्त थांबलं हाये. उचलून गाडीत घेऊन राह्यलो."

जयवंताबाईंनी मोबाइल टेबलावर ठेवला. हाताला घाम आला होता, तो पदराला पुसला.

मोबाइल पुन्हा बोलला. मागे जीपचं इंजिन घरघरत होतं. भैयाजींच्या तोंडापाशी कोणी तरी फोन धरला असावा.

"बाई, एक नाव राह्यलं."

"सारे घेतले, भैयाजी. तुम्ही आता पडून राहा."

"तुमचं राह्यलं. इतक्या वर्षांत तुमची हजेरी कोणं घेतलीच नाई."

भैयाजींनी घसा साफ केला. सकाळच्या वेळी वायरलेसवर जयवंताबाई जशी देत, तशीच लांबवून त्यांनी हाक दिली, "कार्यालय. जयवंताबाई."

जयवंताबाईंनी मोबाइल दोन्ही हातांत घेतला. बटण दाबलं, आणि काही वेळ नुसतंच दाबून धरलं.

"हजर," त्या म्हणाल्या.