डिस्कची डबी

"रिकामी कशी देऊ?" असं म्हणत खालच्या मजल्यावरच्या शरयूकाकू गेमच्या डिस्कची डबी केतकीला परत करायच्या. शेजारचं भांडं रिकामं पाठवायचं नाही, ही त्यांची जुनी रीत. आत डिस्कवर बटरपेपर आणि त्यावर खोबऱ्याची वडी, डबी मिटावी म्हणून मुद्दाम पातळ थापलेली. निवृत्तीनंतर काकूंना गाड्यांच्या शर्यतींचं वेड लागलं होतं आणि नोकरीसाठी एकट्या राहणाऱ्या केतकीला त्या वड्यांचं.

मग केतकीला नको ते शहाणपण सुचलं. तिने काकूंच्या मशीनवर नवा गेम थेट डाउनलोडला लावला. "आता डिस्कची ने-आण नको. तुमचे जिने वाचले."

"बरं झालं बाई," काकू म्हणाल्या, आणि उगाचच टीपॉय पुसत बसल्या.

त्यानंतर दोन आठवडे केतकीचं दार कुणी वाजवलं नाही. शेवटी त्याच गेमची डिस्क विकत घेऊन ती खाली गेली.

"काकू, तुमच्याकडे नेट कमी पडतं. तो गेम काही उतरायचा नाही. ही डिस्कच ठेवा, खेळून झाली की द्या."

काकूंच्या मागे टीव्हीवर तोच गेम चालू होता. लाल गाडी भर शर्यतीत थांबलेली. काकूंनी हातातला रिमोट हळूच मागे नेला आणि टीव्ही बंद केला.

"तरीच," त्या म्हणाल्या, "नुसतं गोल गोल फिरतंय मेलं. ये आत, नारळ खवायचाय."