काळ्या मसाल्याचा जीव

“आता दगडफूल टाक,” सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, आणि वच्छलाचा हात कढईवर तसाच थांबला.

“ते कसलं असतंय, आत्याबाई?”

“तुज्या माहेरी, माढ्याकडं, माहीत न्हाय व्हय? दगडावर, झाडावर उगवतंय. काळं-करडं, वाळल्या सालीवानी. बघाय गेलं तर कचराच की. पण तेलात पडू दे, मग बघ. काळ्या मसाल्याचा जीव हाय त्यो.”

सकाळी मसाला निवडताना एका पुडीतून तसला कचराच निघाला होता. वाण्यानं फसवलं म्हणून ती चडफडली होती आणि सगळी पुडी न्हाणीच्या चुलीत घातली होती. मसाल्याच्या त्या जिवावर घरादाराची आंघोळ झाली होती.

आणि मसाला साधासुधा नव्हता. दुष्काळ सरल्यावर पहिल्यांदाच घरात वर्षाचा मसाला होत होता. सोलापुरातल्या त्या पेठेत सासूबाईंच्या, म्हणजे रत्नम्माबाईंच्या, नाकाचा दरारा मोठा. कुणाचाही मसाला कांडून झाला की आधी त्यांच्या नाकाखालून जायचा, मगच बरणीत. त्यांच्याआधी दुसरीनं हुंगायची टाप नव्हती. थोरल्या सुनेचा मसाला त्यांनी भर बायकांत नापास केला, तेव्हापासून ती बिचारी भांडीच घासत होती. धाकट्या वच्छलाला चूल हवी होती. अगदी मनापासून हवी होती.

तिनं नुसत्या तेलात झारा फिरवला.

“टाकलं?”

“व्हय.”

“कसा सुटला वास?”

“चांगला,” वच्छला म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही.

सासूबाई पुन्हा खांबाला टेकल्या. सकाळपासून हेच चाललं होतं. धन्यांचा वास कसा येतोय, खसखस काय म्हणतेय, खोबरं गोड लागतंय का नाकाला. परीक्षाच होती ती. मसाला डोळ्यांनी नाही, नाकानं भाजायचा, हा त्यांचा नेम. म्हणून डोळे मिटलेले. त्यात गेल्या श्रावणातल्या तापापासून त्या अशाच तंद्रीत असायच्या.

दुपार सुस्तावली होती. कवडशातून धूर हळूहळू वर चढत होता, आणि सासूबाई स्वतःशीच बोलावं तशा बोलत होत्या.

“आमच्या अक्कलकोटच्या घरात अव्वा, म्हंजी माझी आई, मसाला भाजायला बसली की मला झोपच यायची बघ. वासाचं पांघरूण घेऊन मी तितंच निजायची. अजून सपनात येतोय त्यो वास.”

वच्छलालाही गुंगी आल्यासारखं झालं. पाठीमागच्या शेगडीवर दूध उतू जाऊन पार करपलं, तेव्हा ती दचकून उठली. पातेलं उतरवलं, दारं उघडली. घरभर करपट वास कोंडला होता. सासूबाई मिटल्या डोळ्यांनी अजून अक्कलकोटातच होत्या.

‘कळलं असणार त्यांना,’ वच्छलाच्या मनात आलं. ‘बायका जमेपर्यंत बोलायच्या नाहीत, एवढंच.’

गिरणीचा भोंगा झाला. उखळातलं शेवटचं कांडण संपलं, तशा शेजारणी ओट्यावर येऊन बसल्या. पुढं अर्थातच सगळ्यांत चौकस अशी मल्लव्वा. वच्छलानं मसाल्याची वाटी सासूबाईंपुढे धरली. सगळं कबूल करून मोकळं व्हावं असं तिला फार वाटलं, पण जीभ रेटली नाही.

रत्नम्माबाईंनी चिमूट नाकाशी नेली. लांब श्वास घेतला. मल्लव्वाच्या बांगड्यासुद्धा वाजायच्या थांबल्या.

“बाकी समदं बेतात हाय,” त्या म्हणाल्या. “दगडफूल तेवढं जरा जास्त पडलंय.”

“तरीच!” मल्लव्वा म्हणाली. “मला बी दारातनंच वाटलं की.”

वच्छलाला दुपारचं करपलेलं दूध आठवलं. तिनं मान वर केली. सासूबाई तिच्याकडेच बघत होत्या. चिमटीतला मसाला लुगड्यावर सांडत होता, तिकडं त्यांचं लक्षच नव्हतं.

“व्हय न्हवं गं?” त्यांनी विचारलं, जरा घाईनंच.

“व्हय, आत्याबाई,” वच्छला म्हणाली. “माझाच हात सैल पडला.”